अडखळणारे चित्र

धाड येथील आमचे घर जुन्या पद्धतीचे आहे. माती आणि दगड यांच्या दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, वर धाब्याचे छत आणि उजेडासाठी उंचावर ठेवलेले लहानसे झरोके. बुलढाणा जिल्ह्यातील उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना अशा घराचा गारवा काय असतो हे निराळे सांगावयास नको. माझे बालपण याच घरात गेले आणि शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर मी पुन्हा येथेच राहावयास आलो.

माझ्या मातोश्रींच्या निधनाला एक वर्ष पूर्ण झाले, त्या दिवशी या घरी सारा गोतावळा जमला होता. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सर्व भावंडे अक्का म्हणतो, तीही आली होती. अक्काचे वय अठ्ठ्याहत्तर. तिची दृष्टी आता अगदी अधू झाली आहे. परंतु कान मात्र तीक्ष्ण आहेत. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलाने आपल्या मोबाइलवर आईचे बारा मिनिटांचे चित्रण केले होते. आई पडवीत जात्यावर दळीत बसली आहे आणि दळता दळता ओव्या म्हणत आहे, एवढेच त्यात होते. अक्काने ते कधी ऐकले नव्हते. ते ऐकावे याच ओढीने ती एवढा प्रवास करून आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या एस.टी.ने तिला परतावयाचे होते.

मुलाने घरातील एका जुन्या संगणकाचा ‘सर्व्हर’ बनविला होता. सर्व्हर हा शब्द ऐकून बावरून जाऊ नका. पंगतीत वाढपी असतो ना, तोच सर्व्हर. स्वयंपाक कोठे ठेवला आहे हे त्याला ठाऊक असते आणि पानावर बसलेला जे मागेल ते तो आणून वाढतो. आमच्या या वाढप्यापाशी घरातील सारी छायाचित्रे व चित्रणे साठविलेली आहेत. दूरचित्रवाणी संचाने, म्हणजे टीव्हीने, एखादे मागितले की तो ते पुरवितो. हा संगणक मागच्या खोलीत असतो. त्याच्या शेजारीच राउटर नावाची लहानशी पेटी आहे व दोघांना एक आखूड तार जोडलेली आहे. टीव्ही मात्र पुढील बैठकीच्या खोलीत. दोन्ही खोल्यांच्या मधे आणखी एक खोली आहे. टीव्हीपर्यंत सारा माल तारेवाचून, वाय-फायच्या अदृश्य लहरींवरून जात असे.

संध्याकाळी सर्व मंडळी बैठकीत जमली. टीव्हीवर आई दिसू लागली. जात्याची घरघर सुरू झाली, पहिल्या ओवीचे दोन शब्द ऐकू आले आणि चित्र थबकले. क्षणभराने ते पुढे सरकले, पुन्हा थांबले. आवाज तर तुटून तुटून येऊ लागला. एक शब्द, मग शांतता, मग अर्धा शब्द. अक्काला चित्र दिसत नव्हते. तिने माझ्याकडे तोंड वळवून विचारले, “माय रडून राह्यली का रे, बापू?”

मी टीव्ही बंद केला.

मग, अशा वेळी व्हावयाचे तेच झाले. प्रत्येकाजवळ एक एक निदान तयार होते. एक पाहुणे म्हणाले, “इंटरनेट मंद झाले आहे. संध्याकाळी असेच होते.” दुसरे अधिक जाणकार. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन संगणकाचा पंखा घरघरत असल्याचे ऐकले, त्याचा प्रोसेसर, म्हणजे गणिते करणारा मेंदू, शंभर टक्के कामात गुंतला आहे हे पडद्यावर पाहिले आणि निर्णय दिला, “हा संगणक दमला. नवा घ्या.” त्यांचे पाहणे खरे होते. निर्णय खरा होता की नाही, हे ठरविण्यापूर्वी चित्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते म्हणजे नेमके काय होते, ते पाहिले पाहिजे.

पडद्यावरचे चित्र हालताना दिसते. पण ते हालत नसते. स्थिर चित्रांची एक माळ आपल्या डोळ्यांपुढून वेगाने सरकते आणि डोळा व मन मिळून त्यांना जोडून घेतात. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि त्याच्या रोपाची ठरावीक अंतराने छायाचित्रे घेतली. ती सलग दाखविताच पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंकुर फुटून वेल वर चढू लागला! ‘अंकुराची वाढ’ या त्या लहानशा चित्रपटामुळे पुढील कामासाठी भांडवल देणारा मनुष्य त्यांना मिळाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. त्या काळी चित्रपट दाखविण्याचे यंत्र पुष्कळदा हातानेच फिरवावे लागे. फिरविणाऱ्याचा हात मंदावला की पडद्यावरचा राजाही रेंगाळू लागे. पुढे बोलपटात सेकंदाला २४ चित्रे हा नियम झाला. मोबाइलवरील चित्रणात ती बहुधा ३० असतात. म्हणजे आमच्या सर्व्हरने टीव्हीला दर सेकंदाला तीस चित्रे, वेळच्या वेळी, न चुकता वाढावयास हवीत. एकतिसावे पान वाढावयास उशीर झाला की भोजन थांबले!

आता या एकेका चित्राचा पसारा पाहा. मुलाचे चित्रण उत्तम प्रतीचे होते. त्यातील प्रत्येक चित्र आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपक्यांचे. गुणाकार केला तर ८२,९४,४०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविण्यास तीन बाइट लागतात असे धरले, तर एका चित्राला सुमारे अडीच कोटी बाइट आणि सेकंदाच्या तीस चित्रांना सुमारे पंचाहत्तर कोटी बाइट हवेत. बारा मिनिटांचा हिशेब तुम्हीच वहीत करून पाहा. एवढा माल वाहून नेणे आमच्या घरातील वाय-फायला झेपणारे नाही.

म्हणून एक युक्ती करतात. आई जात्यापाशी बसली आहे. मागची भिंत या क्षणी जशी आहे तशीच पुढच्या क्षणीही आहे. हालतो तो तिचा हात, फिरतो तो जात्याचा खुंटा, भुरभुरते ते पीठ. तेव्हा एक चित्र संपूर्ण लिहावयाचे आणि त्यापुढील चित्रांत केवळ बदल काय झाला तेवढाच नोंदवावयाचा. थोड्या थोड्या अंतराने पुन्हा एक संपूर्ण चित्र द्यावयाचे. (एखादी नोंद वाटेत हरवली, तर पडद्यावर चौकटी-चौकटींचा चिखल दिसतो आणि पुढचे संपूर्ण चित्र आले की तो निवळतो, तो यामुळेच.) या काटकसरीमुळे आमचे सबंध चित्रण ३,६०० मेगाबाइटांत मावले होते. मेगाबाइट म्हणजे दहा लक्ष बाइट. मूळ पसाऱ्याच्या मानाने हे सुमारे दीडशेपट लहान झाले.

अशा काटकसरीने लिहिण्याच्या अनेक पद्धती आहेत. एच.२६४ ही पद्धत २००३ साली ठरली, त्याहून अधिक काटकसरीची एच.२६५ ही २०१३ साली. या पद्धतींना मी लिपी म्हणेन. आपल्याकडे पूर्वी दप्तरे मोडी लिपीत लिहीत. लेखणी न उचलता भराभर लिहिण्यासाठी ती सोयीची. परंतु ज्याला केवळ बाळबोध वाचता येते, त्याला मोडी कागद कोणी तरी बाळबोधात उतरवून द्यावा लागतो. सर्व्हरही हेच करतो. टीव्हीला मूळ लिपी कळत नसेल, तर तो ती उलगडून दुसऱ्या लिपीत लिहीत जातो आणि लिहिता लिहिता पुढे पाठवितो. याला रूपांतर म्हणतात. हे काम अतिशय कष्टाचे आहे. लिहिणारा वाचणाऱ्यापेक्षा मंद असला की वाचणाऱ्याला थांबावे लागणारच. आमच्या जुन्या संगणकाला बारा मिनिटांचे चित्रण उतरवून काढावयास वीस मिनिटे लागत होती. पंखा घरघरत होता तो यासाठी.

तर मग जाणकार पाहुण्यांचे निदान बरोबर ठरले, असे तुम्हांस वाटेल. मलाही तसेच वाटले होते. परंतु माझी नात, जी सातवीत शिकते, ती म्हणाली, “आबा, पण आपला टीव्ही तर नवा आहे. त्याला ही लिपी कळते. मग सर्व्हर उतरवून कशासाठी काढतो?”

हा प्रश्न त्या संध्याकाळी घरातील मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता.

जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघे कामास लागलो. नातीने वही घेतली. मी एकच अट घातली : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि काय घडले ते लिहून ठेवावयाचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चित्र सुधारले, तर कोणत्या गोष्टीने सुधारले ते कधीच कळत नाही.

प्रथम आम्ही इंटरनेटची बाहेरून येणारी तार उपसून ठेवली. चित्र पूर्वीइतकेच अडखळले. साहजिकच आहे, चित्र मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत येत होते, गावाबाहेरून येतच नव्हते. राउटर घरातल्या घरात माल पोहोचवितो, त्याला बाहेरचे जग लागत नाही. पहिले निदान बाद झाले.

मग चित्रण सर्व्हरच्याच पडद्यावर लावले. ते सुरळीत चालले. म्हणजे मूळ चित्रण शाबूत होते आणि ज्या हार्ड डिस्कवर ते साठविले होते तीही ठीक होती. चित्र दर वेळी एकाच शब्दाशी अडते की निरनिराळ्या ठिकाणी, हेही पाहावे. एकाच ठिकाणी अडत असेल तर मूळ नोंदच बिघडलेली असण्याचा संभव असतो. आमचे टीव्हीवर दर वेळी निराळ्या ठिकाणी अडत होते. त्यानंतर टीव्हीवर एक जुने, कमी प्रतीचे चित्रण लावले. ते विनातक्रार चालले. टीव्हीत दोष नाही, ओझे जड झाले की गाडी रुतते, एवढे कळले.

आता नातीच्या प्रश्नाकडे आलो. सर्व्हर आपण काय करीत आहोत आणि का करीत आहोत हे एका पानावर दाखवितो. ते पान उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. त्यावर लिहिले होते की, रूपांतर चालू आहे आणि त्याचे कारण लिपी नव्हे. टीव्हीपर्यंतच्या वाटेवरून मूळ चित्रण मावत नाही, म्हणून त्याची बारीक प्रत काढणे चालू आहे. बिचारा वाढपी! दार अरुंद म्हणून तो प्रत्येक ताट लहान वाट्यांत ओतून नेत होता आणि आम्ही त्यालाच बदलावयास निघालो होतो.

खात्री करून घेण्यासाठी आम्ही त्याला बजावले, “रूपांतर नको, मूळ आहे तसेच पाठव.” तत्काळ पंखा शांत झाला. प्रोसेसरचे काम चार-पाच टक्क्यांवर आले. परंतु टीव्हीवर चित्र पाच सेकंद चाले आणि मग मध्यभागी एक वर्तुळ गरगर फिरत बसे. पुन्हा पाच सेकंद चित्र, पुन्हा वर्तुळ. रोग तोच, लक्षण निराळे.

या वर्तुळाचा अर्थ समजण्यासाठी मोट आठवावी लागेल. तुमच्यापैकी फारच थोड्यांनी मोट पाहिली असेल. विहिरीतून बैल मोट ओढून वर आणीत. ती भडाभडा रिकामी होई आणि पुन्हा खाली जाई. म्हणजे पाणी सलग येत नसे, खेपाखेपांनी येई. तरीही मळ्याकडे जाणारा पाट बराचसा सलग वाहे. हे कसे? मोट ज्यात ओती ते दगडी थारोळे मधल्या वेळात पाणी पुरवीत राही. टीव्हीमध्येही असेच एक थारोळे असते. लहरींवरून येणारा माल खेपाखेपांनी येतो, कधी भराभर तर कधी रखडत. तो प्रथम या साठ्यात पडतो आणि तेथून चित्रे संथपणे पडद्यावर येतात. जुन्या तंबूतल्या चित्रपटाच्या यंत्रातही फितीचा एक सैल वेढा मुद्दाम सोडलेला असे. तो याच कामाचा. वेढा नाहीसा झाला की पडद्यावर चित्र थरथरू लागे. परंतु थारोळे कितीही मोठे असले, तरी मोटेपेक्षा पाट अधिक पाणी मागू लागला तर ते कोरडे पडणारच. टीव्हीवर वर्तुळ फिरते ते थारोळे कोरडे पडल्याची खूण होय.

मग पाट किती मागतो आणि मोट किती आणते, हे मोजणे आले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. साठा बाइटांत मोजतात, प्रवाह मात्र बिटांत मोजतात आणि एका बाइटात आठ बिट असतात. हा आठाचा गुणक विसरल्यामुळे भलेभले फसतात. चित्रण ३,६०० मेगाबाइटांचे. आठाने गुणले की २८,८०० मेगाबिट. बारा मिनिटांचे ७२० सेकंद. भागाकार ४०. म्हणजे चित्राला दर सेकंदाला सरासरी ४० मेगाबिट हवेत. पीठ उडते, झाडाची पाने हालतात अशा ठिकाणी बदल अधिक असल्याने त्याहूनही जास्त.

नातीने मांडीवरचा संगणक टीव्हीजवळ ठेवला आणि सर्व्हरवरून ३०० मेगाबाइटांची एक नोंद त्यावर उतरवून घेतली. दोन मिनिटे लागली. ३०० गुणिले ८, भागिले १२०. उत्तर २०. पाट चाळीस मागतो आणि मोट वीस आणते! पाच सेकंद चित्र आणि पाच सेकंद वर्तुळ, हे त्या गणिताशी किती नेमके जुळते पाहा. तोच संगणक मागच्या खोलीत राउटरजवळ नेऊन तीच नोंद पुन्हा उतरविली, तेव्हा अवघी बारा सेकंद लागली. म्हणजे २०० मेगाबिट. दोन खोल्यांमध्ये दहापट अंतर पडले होते आणि मधे होत्या त्या आमच्या गार, दोन-दोन हात रुंदीच्या भिंती.

वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी पुष्कळ माल नेतात. पण जाड भिंत लागली की लवकर थकतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्या जातात. परंतु त्यांची वाहण्याची शक्ती कमी आणि त्यांच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारे मार्ग तीनच मानतात, त्यामुळे शेजाऱ्यांचे राउटरही तेथेच गर्दी करतात. आमच्या घरात पहिल्या प्रकारच्या लहरी दुसऱ्या भिंतीपर्यंत पोहोचेतो निष्प्रभ होत आणि सारा भार दुसऱ्यांवर पडे. शहरातील विटांच्या पातळ भिंतींच्या घरात कदाचित हा प्रश्न उद्भवलाही नसता.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. शेजारी राहणाऱ्या एका दुकानदाराने आमच्यासाठी दुकान पुन्हा उघडले आणि पंचवीस मीटर लांबीची तार दिली. अशी तार शंभर मीटरपर्यंत निर्धास्त वापरता येते. भिंतीला भोक पाडावयाचे माझ्या जिवावर आले. परंतु वडिलांच्या वेळचे झरोके होतेच. मी शिडी धरली, नात वर चढली आणि झरोक्यातून झरोक्यात तार ओवीत आम्ही ती राउटरपासून टीव्हीपर्यंत आणली. अनेक टीव्हींप्रमाणे आमच्या टीव्हीचे तारेचे दारही सेकंदाला शंभर मेगाबिटांचेच आहे. पण चाळीस मागणाऱ्याला शंभर पुष्कळ झाले. नवा संगणक घेण्याचा खर्च टळला, हे ओघाने आलेच.

ज्यांना तार नेणे शक्य नाही, त्यांनी सर्व्हरला रात्रभर वेळ देऊन चित्रणाची एक हलकी प्रत आधीच तयार करून ठेवावी. घाई नसली म्हणजे मंद लेखनिकही सुंदर प्रत काढतो. मोबाइलवर पाहणाऱ्या नातेवाइकांसाठी आम्ही पुढे तसेच केले.

सकाळी चहा झाल्यावर अक्काला टीव्हीजवळच्या पाटावर बसविले. या वेळी आई थांबली नाही. ओवीमागून ओवी येत राहिली, पीठ भुरभुरत राहिले. आवाजात एक खोट मात्र मला जाणवली. जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक बारीक ‘कट्’ असा आवाज येई. नातीनेही तो टिपला आणि लागलीच वही उघडली.

“आबा, तारेतून येतो का हा? की मूळ चित्रणातच आहे?”

अक्का डोळे मिटून ऐकत होती. ती म्हणाली, “यंत्राचा नाही तो, पोरी. जात्याचा खुंटा ढिला होता. मी माहेरी आले की पाचर ठोकून द्यायची, तेवढ्यापुरता बसायचा. मायला शंभरदा म्हटलं, नवा करून घे. तिनं काही ऐकलं नाही.” असे म्हणून ती हसली आणि पुढची ओवी आईच्या बरोबरीने पुटपुटू लागली.

जाते अजून पडवीत आहे. अक्काला एस.टी.वर पोहोचविण्यास निघण्यापूर्वी मी खुंटा हालवून पाहिला. तो ढिलाच होता.